कधीपासून

भुसावळच्या यार्डापासून तापीच्या पुलापर्यंत
रोज सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं.
खांद्यावर हातोडा, पाना, पिशवीत लाल झेंडी.
सैल झालेली चावी दिसली की ठोकायची.
रुळावर हातोडा टेकवला तरी मला कळतं
आत तडा आहे की नाही.
चांगला रूळ वाजतो.
तडकलेला नुसता आवाज करतो.

एकोणीस वर्षं झाली.
मग गेल्या माघात, पहाटे साडेचारला,
पुलाच्या अलीकडच्या तिसऱ्या खांबाशी
मी खडीवर बसलो आणि उठता येईना.
हात गार, छातीत मालगाडी,
आणि समोरून खरोखरची येत होती.
बाजूला कसा झालो, आठवत नाही.

साहेबांनी लिहिलं : पिऊन होता.
मी पीत नाही.
माझ्या वाटणीचीही बापानंच पिऊन टाकली.

जळगावच्या सिव्हिलमध्ये कागद दिला.
नाव : प्रल्हाद सुरवाडे. वय : सेहेचाळीस.
त्रास काय. कधीपासून.
'कधीपासून'समोर बोटभर रेघ.

बोटभर रेघेवर काय मावणार?
मी डब्यातलं भरीत उघडलं
आणि गँगमधले तिघे उठून
दुसऱ्या झाडाखाली गेले, तेव्हापासून?
की नव्या साहेबानं नाव विचारलं, मग आडनाव,
मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला,
हसत हसत, चहा पाजत?
की चौथीत गणितात पहिला आलो
आणि गुरुजी म्हणाले, कोणाचं पाहून लिहिलंस रे?
की त्याच्याही आधी,
आजा विहिरीशी उभा राहायचा
कोणीतरी वरून ओतेल म्हणून
ओंजळ धरून, अर्धा अर्धा दिवस.
ती ओंजळ मी पाहिलेली नाही.
पण झोपेत माझे हात तसेच जुळलेले असतात,
बायको सांगते.

मी लिहिलं : माघापासून.

चुलता म्हणतो, आपल्यात असलं काही होत नाही.
आपण सोसणारी माणसं.
एवढं सोसलं, कोणी वेडं झालं का?
मग काशीआत्या त्या रात्री रुळाकडे का गेली,
हे मी त्याला विचारलं नाही.
घरात तिचा फोटो नाही.

समुपदेशक म्हणजे एक पोरगी, पंचविशीतली.
तिनं कागद पालथा ठेवला.
मी सांगायला लागलो,
धडधड, म्हणजे अस्वस्थ, म्हणजे...
माझं शाळेतलं मराठी तिथंच संपलं.
तिनं खुर्ची जरा पुढे ओढली.
"जीव घाबरस का, भाऊ?"

माझ्या मायचा शब्द. माय धुळ्याकडची.
चुलीशी एकटी असली की भिंतीला सांगायची,
जीव घाबरस. कोनले सांगू.
आणि आम्ही म्हणायचो, माय, भाकरी दे.

किती वेळ रडलो, माहीत नाही.
शिपाई दोनदा डोकावून गेला.
तिनं पाणी दिलं,
तिच्याच बाटलीतलं, हातात.

आता रात्री एक गोळी. झोप चार तास, कधी पाच.
कधी अजिबात नाही.
मंगळवारी विहाराच्या मागे निंबाखाली
आम्ही सात जण बसतो.
पहिले दोन मंगळवार महागाई भत्त्यावरच गेले.
तिसऱ्याला डबे धुणारा उखर्डू म्हणाला,
मला अंधाराची भीती वाटते. वय त्रेपन्न.
कोणी हसलं नाही.
कोणी उपायही सांगितला नाही.

चुलता येऊन गेला एकदा,
आम्ही पत्ते कुटतोय का ते बघायला.
चपला न काढता काठावर बसला.
बोलला काहीच नाही.
काशी आज केवढी झाली असती,
बोटांवर मोजत राहिला.

परवाच्या तारखेला मी तो जुना कागद मागून घेतला.
'माघापासून' खोडलं नाही.
समासात लिहायला लागलो, विहिरीपासून.
समास संपला.
शिपाई म्हणाला, मागची बाजू कोरी आहे, बाबा.